दोनशे बारावं मैदान

१

लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, काही जण तर नुसते आजार जमवतात. मी आणि भावोजी मैदानं जमवायचो. फुटबॉलची मैदानं. दिव्यांच्या झोतातली मोठी नव्हेत, तर गावाबाहेरची, कारखान्यामागची, शाळेला चिकटलेली. एका बाजूला खेळाडूंचे आईबाप, दुसऱ्या बाजूला एखादं कुत्रं, मधे बावीस घामेजलेले लोक. तिथं जायचं, सामना बघायचा, वहीत मैदानाचा क्रमांक टाकायचा आणि घरी यायचं. एकोणीस वर्षांत दोनशे अकरा मैदानं झाली होती. कोण जिंकलं हे घरी पोचेपर्यंत आम्हाला आठवतही नसे. माझी थोरली बहीण, म्हणजे भावोजींची बायको, याला सरळ खूळ म्हणायची. तिचं काही चूक नव्हतं.

खुळाला नियम लागतात, नाहीतर ते नुसतं भटकणं होतं. आमचे नियम भावोजींनी केलेले. शेवटची शिट्टी होईपर्यंत मैदान सोडायचं नाही. फोन गाडीतच ठेवायचा. आणि मध्यंतरात मैदानाला बाहेरून एक पूर्ण फेरी मारायची. ही फेरी आम्ही उलट दिशांनी मारायचो. भावोजी चहाचा थर्मास घेऊन उजवीकडून निघायचे, मी दोन पेले घेऊन डावीकडून. समोरच्या टोकाला गाठ पडायची, तिथं उभ्यानं चहा व्हायचा, आणि मग ते माझ्या वाटेनं, मी त्यांच्या वाटेनं, निघाल्या जागी परत. फेरीत मागे वळायचं नाही. जो वळला त्याचं मैदान बाद. याचा भावोजी पुरेपूर फायदा घ्यायचे. चहा पिऊन मी चार पावलं पुढे गेलो की मागून हाक यायची, ‘अरे मेहुण्या, थांब, साप!’ सुरुवातीला मी तीनदा फसलो. पुढे पुढे मागे न बघता नुसता हात वर करायला शिकलो.

ते पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे. तीस वर्षं दारोदार हिंडून पाय लोखंडाचे झाले होते आणि जीभ तिखट. मी कवळ्या बनवतो. दंतवैद्यांकडून तोंडाचे साचे येतात, त्यावर दात बसवून देतो. माणूस न बघता त्याचं तोंड ओळखणं हा माझा धंदा आहे, आणि या प्रकरणात मला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

२

तीन महिन्यांपूर्वी भावोजींना हृदयाचा झटका आला. स्टेंट बसला, ते घरी आले, आणि ताईची झोप गेली. ते झोपले की ही उशाशी बसून त्यांचा श्वास ऐकायची. घोरणं थांबलं की उठवायची आणि घोरायला लागले की रडायची. गोळ्या घेतानाही त्यांचं रोज भांडण. ‘माझं एक अक्षर ऐकत नाहीत,’ हे ती मला फोनवर दिवसातून दोनदा सांगायची.

डॉक्टरांनी सपाटीवर चालायची परवानगी दिली त्या दिवसापासून भावोजींनी मैदानावर जायचं टुमणं लावलं. शेवटी ताई माझ्यावर बोट रोखून म्हणाली, ‘तुझ्या भरवशावर पाठवतेय. जसे नेतोयस तसे आणून सोड. बाकी मला काही कळत नाही.’

‘अगं, तासाभराची तर वाट आहे.’

‘तास आणि मिनिटं मला सांगू नकोस.’

गाडीत भावोजी म्हणाले, ‘तुझी बहीण मला बरणीत घालून झाकण लावणार आहे. अधूनमधून हलवून बघेल फक्त.’ मी हसलो. ते हसले नाहीत. थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘भीती मलाही वाटते रे. पण बसून राहिलो की जास्त वाटते.’

मैदान साधंच होतं. अलीकडच्या गोलामागे सिमेंटच्या सहा पायऱ्या, त्यावर पन्नासएक माणसं. दोन्ही लांब बाजूंना पाइपांचा कठडा. पलीकडच्या गोलामागे एका शीतगृहाची उंच, बिनखिडक्यांची भिंत, आणि चेंडू भिंतीवर आदळू नये म्हणून तिच्यापासून दोन हात अलीकडे गंजक्या पत्र्यांचं कुंपण. भिंत आणि पत्रे यांच्यामधे एक अरुंद बोळ. फेरी पूर्ण करायची तर त्या बोळातून जावं लागणार होतं. भावोजी खूश झाले. ‘बघ, काहीतरी निराळं आहे की नाही?’

पहिल्या अर्ध्या वेळात त्यांनी रेफरीला चार वेळा आंधळा ठरवलं, एकदा त्याच्या चष्म्याचा नंबर विचारला. शेजारच्या बाई तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. तीन महिन्यांनी मला माझे भावोजी परत मिळाले होते आणि मी मनापासून सुखात होतो.

३

मध्यंतर झालं. ते उजवीकडून निघाले, मी डावीकडून. ऊन होतं. मी कठड्यावर एक हात फिरवत चाललो होतो. मधल्या रेषेपाशी दगडी रोलर पडला होता, तिथवर पोचलो असेन नसेन, समोरून भावोजी येताना दिसले.

मी थांबलोच. मी जेमतेम अर्धी बाजू चाललो होतो. तेवढ्या वेळात ते पलीकडची सगळी बाजू, मागचा बोळ आणि माझ्या बाजूचा अर्धा भाग चालून आले? तेही तीन महिने अंथरुणात काढून? मैदान आडवं ओलांडलं असतं तर मला दिसलं असतं. मैदान रिकामं होतं.

‘भावोजी, पळत आलात की काय? ताई मला फाडून खाईल.’

ते हसले. माझ्यापुढे थर्मास धरला. मी पेले पुढे केले, त्यांनी चहा ओतला. चहा वाफाळता होता. भावोजींना गरम सोसत नाही. पेल्यावर फुंकर मारत, चटके बसले की चहाला शिव्या देत, ते दहा मिनिटं घालवतात. या खेपेला त्यांनी पेला एका दमात रिकामा केला आणि मला परत दिला.

‘बरं वाटतंय ना?’ मी विचारलं.

‘हो,’ ते म्हणाले, आणि माझ्या शेजारून पायऱ्यांच्या दिशेनं निघून गेले. धापबीप काही नाही. पावलं अगदी सारखी पडत होती.

मी स्वतःशी म्हटलं, माणूस बरा झाला तर आनंद मान, शंकेखोरा. गाठ बोळात पडायची ती इथं पडली, एवढंच. माझा चहा संपवून दोन्ही रिकामे पेले घेऊन मी पुढे निघालो.

४

बोळात शिरल्यावर ऊन एकदम तुटलं. शीतगृहाची भिंत गार होती आणि आतून यंत्रांची घरघर येत होती. पत्र्यांच्या फटींतून मैदानाच्या पट्ट्या दिसत होत्या. बोळाच्या मधोमध एक उलटा प्लास्टिकचा क्रेट होता आणि त्यावर भावोजी बसले होते.

मांडीवर थर्मास. एक हात छातीवर. कपाळ घामानं थबथबलेलं.

‘ये बाबा, ये,’ ते म्हणाले. ‘किती वेळ! मला वाटलं तू फेरी सोडून भजन करत बसलास. जरा दम लागला म्हणून टेकलो.’

माझी दातखीळच बसली. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांशी खेळणाऱ्याची.

‘काय रे? असा काय बघतोस?’

‘भावोजी, तुम्ही आत्ता मला भेटलात. तिकडे. रोलरपाशी.’

‘मी?’

‘चहा प्यायलात.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग थर्मासकडे. झाकण फिरवलं. चहा गळ्यापर्यंत भरलेला होता. मी पेले पुढे केले. दोन्ही ओले, तळाशी चहाचे थेंब. भावोजींनी त्यांतला एक नाकाशी नेऊन हुंगला आणि त्यांचा चेहरा उतरला. थट्टा करताना त्यांची डावी भुवई वर जाते. ती जागच्या जागी होती.

‘कुठे गेला तो?’ त्यांनी हळूच विचारलं.

‘पायऱ्यांकडे.’

त्यांनी थर्मासचं झाकण परत लावलं. मग ते हसले, पण ओठांतल्या ओठांत. ‘कुणीतरी भामटा असणार. माझ्यासारखे दिसणारे काय कमी आहेत? टक्कल आणि पोट, झाला भावोजी. असं कर, तू तुझ्या वाटेनं पुढे जा. मी त्याच्या मागनं जातो. पायऱ्यांवर त्याला दोन्हीकडून गाठू.’

‘सोबत जाऊ या ना.’

‘सोबत म्हणजे तू मागे वळणार. दोनशे बारावं बाद करतोस?’

इथं मी त्यांचा हात धरायला हवा होता. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. छातीवरचा हात दिसत होता. गोळी जिभेखाली ठेवायला सांगायचं, दंडाला धरून उठवायचं, आणि दोनशे बारा काय नि दोनशे तेरा काय, सगळं खड्ड्यात घालून गाडी गाठायची. हे आज मला इतकं स्वच्छ सुचतं की स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं. त्या वेळी सुचलं ते एवढंच, की नियम त्यांनी केलेत आणि ते मोडायला ते तयार नाहीत. मी पुढे निघालो.

बोळाच्या तोंडाशी पोचलो आणि मागून हाक आली. ‘अरे मेहुण्या, थांब.’

मला हायसं वाटलं. म्हणजे हा सगळा त्यांचाच खेळ. मी मागे न बघता हात वर केला.

‘अरे थांब जरा.’

मी हात हलवला आणि उन्हात आलो. तिसरी हाक अगदी बारीक होती. तिच्यात शब्द होते की नव्हते, मला आजही सांगता येणार नाही.

५

पायऱ्यांवर भावोजी बसले होते, आमच्या नेहमीच्या, वरून दुसऱ्या पायरीवर. थर्मास शेजारी.

‘सापडला का?’ मी विचारलं.

‘कोण?’

मी त्यांच्या डाव्या भुवईकडे बघितलं. ती हलली नाही. पण त्यांनी ठरवलंच असेल तर ते कशाला हलू देतील? मी हिशेब जुळवला. माणूस वळवळ्या. रोलरपाशी आधी येऊन थांबला, मग मैदानाबाहेरून कुठूनतरी वळसा घालून बोळात शिरला, दुसरा भरलेला थर्मास आधीच तिथं लपवलेला. तीन महिने बरणीत बसून एवढंच शिजवलं असणार. पटण्यासारखं होतं. ओढूनताणून का होईना, पटवून घेतलं.

दुसरा अर्धा वेळ सुरू झाला. पाहुण्या संघाला रेफरीनं अशी पेनल्टी दिली की कुत्र्यानंही हरकत घेतली असती. सगळ्या पायऱ्या उठून ओरडल्या. शेजारच्या बाई भावोजींकडे बघून थांबल्या, आता हे काय बोलतात म्हणून. भावोजी मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कसनुसा हसलो.

त्यानंतर माझं लक्ष चेंडूवर राहिलं नाही. पलीकडच्या गोलामागे, पत्रे जिथं संपतात तिथं, जमिनीपासून हातभर उंचीवर काहीतरी पांढरं हलत होतं. पिशवी असेल, कागद असेल, वाऱ्यानं हलत असेल. गोलाची जाळी मात्र हलत नव्हती. ते पांढरं थोडा वेळ हलायचं, थांबायचं, पुन्हा हलायचं. चाळीस मिनिटं मी ते बघत बसलो. मैदान अर्ध्यावर सोडायचं नाही म्हणून उठलो नाही. शेजारी माणूस धडधाकट बसलेला असताना उठून बघायला कशाला जायचं, असंही मनाशी म्हटलं. खरं सांगतो, मी भ्यालो होतो. शिट्टी व्हायच्या थोडं आधी ते हलायचं थांबलं.

६

गाडीत बसल्यावर मला राहवेना. भावोजींची वरच्या दातांची अर्धी कवळी माझ्या हातची आहे. तिच्या तारेला उजवीकडे मी एक बारीक वाक दिलाय, तो जगात दुसऱ्या कुठल्या कवळीला नाही.

‘भावोजी, परवा म्हणत होतात, तार टोचतेय. आ करा बघू.’

त्यांनी आ केला. मी मोबाइलचा उजेड पाडला. कवळी माझीच. वाक माझाच. मागच्या दाढेवरचा टवकाही जागेवर. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. असा हलका झालो की हसायलाच लागलो. तोंड खोटं बोलत नाही, हे मी बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय.

गाडी सुरू करून रस्त्याला लागलो तेव्हा एक गोष्ट मनात आली. त्या तोंडात लाळ नव्हती. जीभ, हिरड्या, टाळू, सगळं कोरडं ठणठणीत, माझ्या टेबलावरच्या साच्यासारखं. मी स्वतःची समजूत घातली, हृदयाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. पडतंच. विचारा कुठल्याही डॉक्टरला.

काही मैलांनी मी सहज त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते. तोंड अजून उघडंच होतं. तसंच, मी सांगितलं होतं तेवढं.

‘मिटा,’ मी म्हटलं.

त्यांनी तोंड मिटलं.

७

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भावोजी माझ्यापुढे चढून गेले. मी बेल दाबली. दार उघडायला वेळ लागला. ताई दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात फोनचा रिसीव्हर होता. त्यांच्याकडे अजून वायरीचा जुना फोन आहे, दाराशेजारीच. तिनं भावोजींकडे बघितलं, मग रिसीव्हरकडे, मग माझ्याकडे. चेहरा असा, की मला वाटलं हिला चक्कर येतेय.

‘कुणाचा फोन?’ मी विचारलं.

‘राँग नंबर,’ असं म्हणून तिनं रिसीव्हर खाली ठेवला. ठेवल्यावरही त्यावर हात दाबून धरला होता.

‘घे तुझे अहो,’ मी म्हटलं. ‘तीन मजले चढले, धाप नाही.’

‘दिसतंय,’ ताई म्हणाली. मग बाजूला होऊन तिनं त्यांना वाट दिली. ‘चपला काढा,’ ती म्हणाली. त्यांनी काढल्या. ‘बसा.’ ते बसले.

त्या दिवशी तिनं मला चहासाठी थांबवलं नाही. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

८

आठवडाभर मी कवळ्या बिघडवल्या. एका वकिलाचे खालचे दात वरच्या साच्यावर बसवले. भावोजींना रोज फोन करायचा आणि ‘हो’, ‘बरा आहे’, ‘हो’ एवढं ऐकून ठेवायचा. नवव्या दिवशी दुकान बंद करून मी सकाळीच त्या मैदानावर गेलो.

मैदान सांभाळणारे गृहस्थ चुन्यानं रेषा आखत होते. वाकलेले, बोलघेवडे. मी पायऱ्यांकडे बोट दाखवून म्हटलं, ‘गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी आलो होतो. माझ्याबरोबर एक जण होते.’

‘आठवतंय ना! टकलू काका. रेफरीला शिव्या देणारे.’ ते हात पुसत उभे राहिले. ‘बरे आहेत का आता?’

‘आता म्हणजे?’

‘अहो, सहाच्या सुमाराला मी जाळ्या काढत होतो, तर हे त्या बोळातून बाहेर आले. भिंतीला धरून धरून. चेहरा पांढराफटक. मला म्हणाले, माझा मेहुणा कुठाय? मी म्हटलं, काका, थट्टा करता का? तुम्ही तर मघाशी माझ्यासमोर त्याच्या गाडीत बसून गेलात. हे ऐकलं आणि खालीच बसले हो. मग म्हणाले, फोन देता का? एकच नंबर पाठ आहे.’

‘दिलात?’

‘न द्यायला काय? लावला त्यांनी. बाईमाणसाचा आवाज आला. हे दोनच वाक्यं बोलले. मग बराच वेळ फोन कानाला लावून बसले नुसते. मला म्हणाले, ठेवला वाटतं.’

मी कठडा धरला.

‘मी पाणी आणायला आत गेलो,’ ते सांगत होते. ‘आलो तर फोन जमिनीवर ठेवलेला. काका परत बोळात शिरताना दिसले. मी मागनं गेलो, तर बोळ रिकामा. पलीकडून बाहेर पडले असतील म्हटलं. पण बाहेर जायला फाटक एकच, आणि त्याला मी आधीच कुलूप घातलं होतं.’

मी बोळात गेलो. क्रेट होता. भिंत गार होती. आत यंत्रं चालू होती. पत्र्याच्या कडेला, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक हातरुमाल तारेला अडकला होता. ताईनं शिवलेला, कडेला निळा दोरा असलेला. तो सोडवताना तारेनं माझं बोट कापलं. मी हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. मग मी दोन्ही दिशांनी फेऱ्या मारल्या, वळलो, परत वळलो, वाट्टेल तसा हिंडलो. त्या गृहस्थांनी रेषा आखणं थांबवून मला खुर्ची आणून दिली.

९

दुपारी मी ताईकडे गेलो. बाहेरच्या खोलीत भावोजी खुर्चीत बसले होते. समोर टीव्ही बंद होता. मी ताईला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि रुमाल ओट्यावर ठेवला.

तिनं तो बघितला. हात लावला नाही.

‘तू त्या दिवशी कुणाचा फोन ठेवलास?’ मी विचारलं.

‘हळू बोल.’

‘ताई, कुणाचा?’

ती पोळ्या लाटत होती, ती लाटतच राहिली. ‘म्हणाले, मी इथे एकटाच राहिलोय, कुणाला तरी पाठव. छातीत दुखतंय म्हणाले. मी बोलणार, तेवढ्यात बेल वाजली. रिसीव्हर हातात तसाच धरून दार उघडलं, तर हे दारात उभे.’ तिनं पोळी तव्यावर टाकली. ‘मी काय करायला हवं होतं, सांग. एक फोनवर होता आणि एक दारात होता.’

‘आवाज ओळखलास तू?’

‘एकतीस वर्षं ऐकतेय मी तो आवाज.’

मी तिथल्या स्टुलावर बसलो. माझी ताई. लहानपणी माझ्या गुडघ्याला खरचटलं तरी स्वतः रडणारी.

बाहेर फोन वाजला. ताईनं घड्याळाकडे बघितलंही नाही. ‘रोज याच वेळेला,’ ती म्हणाली. ‘कुठून लावतात, देव जाणे. वाजून वाजून थांबेल.’

मी धावलो. बाहेरच्या खोलीत खुर्चीतल्या माणसानं मान वळवली नाही. मी रिसीव्हर उचलला. आधी वारा ऐकू आला, मग पायांखाली खडी वाजावी तसा आवाज, आणि मग धाप.

‘कोण, मेहुण्या? अरे, पायऱ्याच येत नाहीत रे. किती चाललो. भिंत संपली की परत भिंतच. तुम्ही आहात ना तिथे? तुझी ताई आहे ना? तिला म्हणावं, गोळी घेतली मी, ओरडू नको.’

‘भावोजी, थांबा, आहात तिथंच थांबा, मी निघालो–’

ताईचं बोट फोनच्या खटक्यावर आलं आणि तिनं फोन बंद केला.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात ठाम होता. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, हे मला तेव्हा दिसलं.

‘मला झोप लागते रे आता,’ ती म्हणाली. ‘काल डॉक्टरकडे नेलं होतं. म्हणाले, हृदय विशीतल्या मुलासारखं आहे. फोटोत स्टेंट दिसेना, तर मशीनला दोष देत बसले. झोपा म्हटलं की झोपतात. गोळी घ्या म्हटलं की घेतात. जेवा म्हटलं की जेवतात. माझं ऐकतं रे कुणीतरी या घरात.’

‘आणि ते? तिकडे चालतायत ते?’

‘त्यांना आणशील तू. आणशीलच, मला माहितेय. मग एक दिवस परत छातीला हात लावतील, आणि मी परत रात्र रात्र उशाशी. त्या खेपेला वाचले. पुढच्या खेपेला?’ तिनं पदरानं डोळे पुसले. ‘जा तू. मी अडवत नाही. भेटले तर पाणी दे आधी. पण माझ्या वतीनं खोटं बोलू नकोस, की तिनं ओळखलं नाही म्हणून. ओळखलं होतं, असंच सांग.’

मी रिसीव्हर जागेवर ठेवला. ताई स्वयंपाकघरात गेली, तव्यावरची करपलेली पोळी तिनं बाजूला काढली, आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली, ‘अहो, उठा, जेवायला या.’

माझ्यामागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.